दाराजवळच्या चार जागा

निर्मलाताई आहेर यांच्या कार्यालयात मी मुलाखतीला गेले, तेव्हा त्यांनी माझी गुणपत्रिका बाजूला सारली आणि विचारलं, "निफाडहून कशानं आलीस?"

"एसटीनं."

"आणि द्वारका चौकापासून इथवर?"

"रिक्षानं. दाटीवाटीनं बसून."

"म्हणजे आमचं निम्मं काम तुला येतंच," त्या म्हणाल्या. मला त्यातलं काहीही कळलं नाही. नोकरी मिळाली, एवढं मात्र कळलं.

ताई वास्तुविशारद आहेत. नाशिक परिसरातल्या इमारतींना हरित प्रमाणपत्र मिळावं म्हणून पाणी, ऊन, वीज यांची नीट घडी बसवून देणं हे त्यांचं काम. त्या प्रमाणपत्राच्या अटींमध्ये एक छोटी अट असते: जे लोक एकाच गाडीतून मिळून येतात, त्यांच्यासाठी वाहनतळावर दाराजवळच्या काही जागा राखून ठेवायच्या. बहुतेक ठिकाणी ही अट एका पाटीवर भागते. पाहणी उरकली की पाटी जिन्याखाली जाते आणि जागेवर साहेबांची गाडी येते. ताईंना हे खपत नाही, आणि न खपणारी गोष्ट त्या गोड शब्दांत सांगत नाहीत, हे त्यांच्या साठीनिमित्त जमलेल्या तुम्हा स्नेह्यांना मी काय सांगावं?

अंबडच्या एका कारखान्याचं नवं कार्यालय आम्ही करत होतो. आमच्या हातातलं ते सर्वांत मोठं काम. अखेरच्या तपासणीला गेलो, तर दाराजवळच्या चार राखीव जागांवर चार गाड्या येऊन थांबल्या आणि प्रत्येकीतून चार-चार माणसं उतरली. ताईंनी एकाला विचारलं, "कुठून आलात?"

तो बिचारा खरं बोलून गेला. "गेटापासून, मॅडम. मॅनेजरसाहेब म्हणले, गाडीत बसा, चौकातून एक चक्कर मारून येऊ."

ताई पोटभर हसल्या आणि मग सही करायला त्यांनी साफ नकार दिला. मालक भडकले. "मॅडम, दाराशी माझी गाडी लावायची नाही, तर मी मालक झालो कशाला?"

"तिघांना सोबत घेऊन या. जागा तुमचीच."

"मी दुसऱ्याला काम देईन."

"द्या. पण खोट्यावर माझी सही मिळणार नाही."

मी बाजूला उभी होते, आणि माझ्या मनात वेगळाच घोर होता. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दिवसभर शेजारच्या काकू त्यांच्याजवळ बसत, पण दिवेलागणीला त्यांना आपल्या घरी जावं लागे. नवऱ्याची नोकरी पिंपळगावच्या शीतगृहात, तिथल्या सुटण्याला वेळ-काळ नाही. आणि माझी बस कधी यायची, कधी नाही. महिनाअखेर नोकरी सोडायची, असं मी ठरवलं होतं. ताईंना अजून सांगवलं नव्हतं.

मालक शेवटी वैतागून म्हणाले, "मग एकत्र येणारी माणसं आणायची कुठून?"

"ती तुमच्याकडेच आहेत," ताई म्हणाल्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना अंगणात बोलावलं आणि ज्या रस्त्यानं येता त्या रस्त्याच्या रांगेत उभं राहायला सांगितलं. एक रांग इगतपुरीकडची, एक पिंपळगावची, एक निफाडची. पिंपळगावच्या रांगेत एकाच मजल्यावर काम करणारे दोघे एकमेकांकडे बघतच राहिले. "अहो, तुम्ही आमच्या शिवेवरचे, आणि रोज एकटे येता?" रांगांमध्ये हशा पिकला.

मी हातात नकाशा धरून उभी. ताई म्हणाल्या, "वैशाली, तू लांब कशाला? निफाडच्या रांगेत जा."

त्या रांगेत भांडार विभागातले बोरस्ते होते, स्वतःची गाडी असलेले, आणि आणखी दोघीजणी. "द्वारकेवर सोडतो की," बोरस्ते म्हणाले. "वाटेतच तर हाय. जातानाबी तिथूनच घेऊ."

तरीही परक्या माणसाच्या गाडीतून रोज यायचं म्हणजे घरी सांगावं कसं, हा प्रश्न होताच. माझी अडचण ऐकून ताई रविवारी स्वतः निफाडला आल्या. सासूबाईंच्या खाटेशी बसून त्यांनी सगळं समजावलं. सासूबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "लोक काय म्हनायचं ते म्हनतील. गाडी अंधाराच्या आत येती का, तेवढं सांगा."

"येते."

"मग झालं."

अशी माझी नोकरी टिकली. ताईंची सही झाली, त्या इमारतीला प्रमाणपत्रही मिळालं. मालक आता गंगापूर रोडवरून तीन सहकाऱ्यांना गाडीत घालून आणतात. ते तिघं फार बडबडतात म्हणून त्यांच्या नावानं कुरकुरतात, पण दाराजवळची जागा सोडत नाहीत. ताई मात्र एकट्या आल्या की गुडघे दुखत असले तरी गाडी वाहनतळाच्या टोकाला लावून चालत येतात. याबाबतीत त्या कुणाचं ऐकत नाहीत.

आज नकाशांवर ताईंच्या सहीशेजारी माझी सही असते. मी घरी बसले असते तर मला कुणी दोष दिला नसता, आणि म्हणूनच ते फार सोपं होतं. ताईंनी मला घर आणि काम यांतलं एक निवडायला लावलं नाही. त्यांचं हे ऋण मला फेडायचंही नाही. ते राहावं, असंच वाटतं.

ताई साठ वर्षांच्या झाल्या, असं मी परवा सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पडल्या पडल्याच हात जोडले. "माझं उरलंसुरलं आयुष्य त्या बाईला लागू दे."

मी म्हटलं, "आई, तुमचं तुमच्याजवळच राहू द्या. त्यांना देवानं वेगळं द्यावं, भरपूर द्यावं, धडधाकट गुडघ्यांसकट द्यावं. मला तुम्ही दोघीही हव्या आहात."