फिलूमावशीचं वायफाय

इथले चमत्कारांचे अनुभव मी दोन वर्षं वाचतेय. पण खरं सांगू का... त्यातला एकही मी मनापासून खरा मानला नव्हता. मी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. एखादी गोष्ट चालत नसेल तर त्याला कारण असतं आणि चालत असेल तरी कारण असतं, एवढंच मी शिकलेय. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय. हसू आलं तर हसा, पण आधी पूर्ण वाचा.

आमचं घर मालवणहून देवगडकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्याखाली, खोलगट जागेत आहे. मागे डोंगर, पुढे माड आणि माडांपलीकडे समुद्र. घरात मोबाइलला अजिबात रेंज नाही. रेंज हवी तर पायऱ्या चढून रस्त्यावर जायचं. आमच्या पडवीपासून साठेक पावलांवर, वरच्या अंगाला फिलूमावशीचं घर. मावशी एकटीच असते, दोन खोल्यांचं होमस्टे चालवते. वाडीत वायफाय फक्त तिच्याकडे. गेल्या वर्षी तो राउटर मीच तिला लावून दिला होता. त्याचं नाव, पासवर्ड, सगळं माझ्या हातचं. तेव्हा ती म्हणाली होती, "बाय, तुका व्हया तेव्हा वापर. इचारू नको."

पण वापरायला माझ्या लॅपटॉपचं वायफाय तर चालायला हवं! लॅपटॉप सेकंडहँड. गेल्या पावसाळ्यात त्याचं वायफाय कार्ड गेलं, आणि फोनचं वायफाय तर त्याआधीच. कुडाळच्या एका दुकानदारानं तो नुसता उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "याच्यात काही राम नाही. नवीन घ्या." बाबा माझ्यासोबत होते. परतताना एसटीत म्हणाले, "त्येना उघडून तरी बगूक व्हया होता."

बाबा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी आहेत. शाळा चौथीपर्यंत. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. त्यामुळे ऑक्टोबरात एका कंपनीच्या ऑनलाइन मुलाखतींच्या यादीत माझं नाव आलं, तेव्हा घरात कोणाला नीटसं कळलं नाही आणि तरी सगळे खूश झाले. मुलाखत शुक्रवारी सकाळी अकराला. त्या आठवड्यात कॉलेजची लॅब परीक्षेसाठी अडकलेली, म्हणून सरांनी घरूनच द्यायला सांगितलं. घरून म्हणजे... रेंज नसलेल्या घरातून, वायफाय नसलेल्या लॅपटॉपवर.

जुन्या कार्डाचा नंबर शोधून मी नवीन कार्ड मागवलं. ते आलं बुधवारी. पोस्टाच्या दोन तिकिटांएवढं! समुद्र खवळलेला म्हणून बाबा घरीच होते. पडवीत चादर पसरून मी लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढायला लागले. कुठला स्क्रू कुठला ते कळावं म्हणून कागदावर चित्र काढून त्यावर एकेक ठेवत होते.

"मोडशीत तां," आई दारातून म्हणाली. "मगे रडत बसशीत."

"तिका करूंदे गो," बाबा म्हणाले. "तिका कळता."

हे त्यांनी माझ्या बाबतीत पहिल्यांदाच म्हटलेलं. मी वर न बघता पुढचा स्क्रू काढला.

आधी बॅटरीची वायर सोडवली. मग जुनं कार्ड बाहेर काढलं. त्याचे सोनेरी दात खाऱ्या हवेनं हिरवे पडले होते. नवीन कार्ड तिरकं सरकवायचं, मग खाली दाबून एका बारीक स्क्रूनं धरायचं. तो स्क्रू नेमका माझ्या हातून निसटला आणि फरशीच्या फटीत गेला तो गेलाच. स्क्रूशिवाय कार्ड पुन्हा पुन्हा वर उसळत होतं. मला रडू यायला लागलं. बाबा उठले, आत गेले आणि तंगूस घेऊन आले. तंगूस म्हणजे आमच्याकडचा जाळ्याचा बारीक नायलॉनचा दोरा. मी कार्ड दाबून धरलं, त्यांनी ते लॅपटॉपच्या आतल्या एका छोट्या खुंटीला दोन वेढे देऊन बांधलं.

"ही गाठ भर दर्यात सुटणा नाय. हयसर काय सुटतली?"

मग अँटेनाच्या दोन वायरी, एक काळी, एक करडी. त्यांची टोकं मोहरीएवढी. पेनाच्या मागच्या बाजूनं मी ती दाबली. दोनदा टक्, टक् असा आवाज आला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे!

लॅपटॉप चालू झाला, पण कार्ड ओळखेना. ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, हवा होता. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा... गुरुवारी मी रस्त्यावर जाऊन फोनवर तो उतरवला. पाऊस होता, बाबा माझ्यावर छत्री धरून उभे होते. पहिला चुकीचा निघाला. पुन्हा वर गेलो. दुपारी तीनच्या सुमारास लॅपटॉपच्या कोपऱ्यात ती खूण उमटली आणि यादीत एकच नाव आलं — फिलूमावशीच्या होमस्टेचं. सगळ्या रेघा भरलेल्या. मी पासवर्ड टाकला. जोडलं गेलं.

"लागला?" बाबांनी विचारलं.

"लागला."

ते फक्त हसले आणि कागदावर उरलेले दोन स्क्रू माझ्यापुढे सरकवले. घाईत मी ते लावायलाच विसरले होते.

शुक्रवारी मुलाखत पाऊण तास चालली. एकदाही चित्र अडकलं नाही, आवाज तुटला नाही. बाबा बाहेर कोंबड्या हाकलत होते, तेवढाच आवाज. समोरच्या मॅडमनी विचारलं, "हार्डवेअरचं काही काम स्वतः केलंय का?" मी म्हटलं, "मॅडम, ज्या कार्डावरून तुम्ही मला बघताय ते मी परवाच बसवलं." त्या हसल्या. म्हणाल्या, "मग चांगलंच बसवलंय. सकाळपासून इतकं स्वच्छ कोणीच दिसलं नाही."

मी तरंगतच उठले. दुपारी बघितलं तर यादीतून ते नाव गेलेलं. वाटलं, लाईट गेली असेल वर.

रविवारी फिलूमावशीच्या दारात रिक्षा थांबलेली दिसली. मी आणि आई बांगडे घेऊन वर गेलो. मी म्हटलं, "मावशी, तुझ्या वायफायवर माझो इंटरव्ह्यू झालो. थँक्यू."

मावशी कुलूप काढत होती. तिचा हात थांबला. "खंयच्या वायफायवर गो?"

"तुझ्याच."

"मी मंगळवारपासून म्हापशाक होतंय. भाचीचा लगीन होता."

मला ते ठाऊकच नव्हतं. मंगळवारी ती गेली तेव्हा मी कॉलेजला होते. तरी मला काही वाटलं नाही. राउटर चालू ठेवून गेली असेल. तिनं दार उघडलं. आत अंधार, मेन स्विच खाली पाडलेला. आमच्याकडे परतीच्या पावसात वीज फार पडते. दोन वर्षांपूर्वी तिचा टीव्ही जळला, तेव्हापासून बाहेर जाताना ती सगळं बंद करून जाते. पण राउटरच्या जागी भिंतीवर नुसती वायर लोंबत होती.

"राउटर खंय आसा?" मी विचारलं.

"तो? तो तांदळात."

मला वाटलं चेष्टा करतेय. मावशी सरळ स्वयंपाकघरात गेली, तांदळाच्या पिंपाचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. दमट हवेनं बिघडू नये म्हणून ती रिमोट, टॉर्च सगळं तांदळात पुरून ठेवते म्हणे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला राउटर बाहेर आला. पिशवीला मंगळवारी बांधलेली सुतळी तशीच होती.

आईनं वाडी राखणाऱ्या देवाला हात जोडले. "राखणदाराचीच कृपा ही."

"सायबिणीन केल्यान तां," मावशीनं भिंतीवरच्या मेरीमातेकडे बघत छातीवर क्रूस काढला. "राखणदाराक पासवर्ड कोणी सांगल्यान?"

"आणि तुझ्या सायबिणीक कोणी सांगल्यान?"

दोघी हसल्या. मला हसता येईना. घरी येऊन मी लॅपटॉपमधली नोंद काढली. गुरुवारी दुपारपासून शुक्रवारी मुलाखत संपेपर्यंत मी त्याच नेटवर्कवर होते. दुसऱ्या कोणाचं त्याच नावाचं असेल म्हणून नोंदीतला राउटरचा क्रमांक बघितला. पुन्हा वर जाऊन ताडून बघितलं, तर मावशीच्या राउटरच्या पोटावर चिकटवलेल्या क्रमांकाशी तो तंतोतंत जुळला.

मग वेगळीच भीती वाटायला लागली. राउटर तांदळात होता, तर शुक्रवारी मी बोलले कोणाशी? ती मुलाखत झाली तरी का? की मी पडवीत बसून नुसतीच बडबडत होते? रात्रभर हेच डोक्यात. सोमवारी रस्त्यावर जाऊन सरांना फोन केला. कसं विचारावं तेच कळेना. "सर, माझी मुलाखत... झाली ना?" ते म्हणाले, "अगं झाली की! मॅडमना आवडलं म्हणे तुझं बोलणं. काय झालं?" मी काही नाही म्हणून फोन ठेवला.

बारा दिवसांनी निवड झाल्याचा मेल आला.

कॉलेजच्या दोन सरांना मी हे सगळं दाखवलंय. एक म्हणाले, नोंदीत चूक असेल. दुसऱ्यांनी मलाच विचारलं, मग मुलाखत झाली कशावरून? कोणाला सुचलं तर मला नक्की सांगा, मी चिडणार नाही.

मेल आला तेव्हा मी पायऱ्या उतरून धावत घरी आले. बाबा जाळं शिवत बसले होते. त्यांना सांगितलं आणि पुढच्याच क्षणी मला ते आठवलं.

"पण बाबानू, राउटर तर तांदळात होतो. मी काय केलंय ह्याच्यात?"

त्यांनी सुई खाली ठेवली. "प्रश्न कोणी इचारले?"

"त्या मॅडमनी."

"उत्तरां कोणी दिली?"

"मी."

"मगे? पोचवल्यान कोणी तां सोड. उत्तरां तुजी होती."

मग ते उठले, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला आणि मला नोकरीचं नाव कागदावर लिहून द्यायला सांगितलं. त्यांना जेटीवर जाऊन सगळ्यांना सांगायचं होतं, आणि ते चुकीचं सांगायचं नव्हतं. मी लिहिलं — ट्रेनी सपोर्ट इंजिनिअर. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं आणि पुटपुटतच पायऱ्या चढायला लागले.