मी न लिहिलेल्या पेपरातलं फूल

लाकडी सूक्ष्मदर्शक, पानं दाबून वाळवायची फळी, छत्रीच्या काड्यांचा कॅमेरा स्टँड, पितळेची मोजपट्टी. हे सगळं मी माझ्या हातांनी केलंय. कॉलेजची पायरी चढलो नाही, पण रत्नागिरीच्या सड्यावरची, म्हणजे कातळपठारावरची, रोपं वर्षानुवर्षं मोजतोय. त्यावरचे शोधनिबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नसत, म्हणून प्राध्यापकांच्या विनवण्या करायचो.

आज सकाळी ओळखीच्या प्राध्यापक मॅडमचा फोन आला. "दादा, पेपर छापून आला नि सांगितलंत पण नाही? फुकट वाचता येतोय हो सगळ्यांना!"

मी आजवर एकही पेपर लिहिलेला नाही. उघडला, तर लेखक म्हणून माझंच नाव. आत लिहिलेलं: आमच्या गावामागच्या बंद चिरेखाणीच्या कडेला दवबिंदूचं एक रोप, फुलाला सहा पाकळ्या. या किडे खाणाऱ्या रोपाच्या फुलाला मी कायम पाचच पाकळ्या पाहिल्यात.

खोटं पाडायला तडक निघालो. बायकोही आली. कडेला एकच रोप होतं. भिंगातून पुन्हा पुन्हा मोजल्या. सहाच.

"अहो, तुम्हीच लिहून विसरलात तर नाही ना?" ती हळूच म्हणाली.

घरी येऊन प्रकाशकाला मेल केला: हा पेपर माझा नाही, काढून टाका. लगेच प्रकाशकाचा फोन आला. "साहेब, फूल तर बघून आलात ना?"

हे मी मेलमध्ये लिहिलंच नव्हतं.

मंडळी, तो पेपर अजून तिथेच आहे, सगळ्यांसाठी खुला. उद्या कुणी माझं नाव वाचून ते फूल बघायला आलं, तर मी काय सांगू?

पेपर माझाच आहे एवढं लिहून द्यायचे प्रकाशक त्याच फोनवर पन्नास हजार देत होता. मी नाही म्हणालो.