गोदेचा कापा फणस

मिरजोळ्यापलीकडच्या वाडीत जाईबाई राहते. शाळा दुसरीपर्यंतच. पण झाड बघायला तिला चष्मा लागत नाही, आणि माणूस बघायला तर मुळीच नाही.

तिच्या मागल्या दारी एक कापा फणस आहे. गरा कुरकुरीत, गोड, आणि चीक इतका कमी की हाताला तेल न लावता फोडावा. तिची सासू गोदा, तिने आठळी पुरून तो वाढवला. म्हणून अख्खी वाडी त्याला 'गोदेचा कापा' म्हणते. सासूसुनेचं एक दिवस पटलं नाही, ती गोष्ट निराळी.

कलमाला काडी मागितली तर आपल्यात कुणी नाही म्हणत नाही. रोपवाटिकावाल्या विनोदने मागितली, तेव्हा जाईबाईने काडी दिली आणि वर चहाही पाजला. पुढे काही वर्षांनी सून तेजल मोबाइल घेऊन धावत आली.

"आई, आपला फणस विनोदच्या पाटीवर! नाव काय, तर 'विनोद गोल्ड'. सरकारात स्वतःचा वाण म्हणून नोंदायला अर्जही टाकलाय."

"गोल्ड? मेल्याच्या आजीने लावला होता काय?"

ती नोंद झाली असती तर गोदेचं नाव कायमचं गेलं असतं. तेजलने हरकत घेतली. वाण नोंदणीच्या कचेरीतले साहेब आले. दोन्हीकडची पानं पंचांसमोर पाकिटात घालून, लाखेची मोहोर लावून त्यांनी तपासणीला पाठवली. माणसाच्या बोटाला ठसा असतो, तसा झाडाच्या पेशीतही असतो म्हणे. उत्तर आलं, दोन्हींचा ठसा एकच.

तेजल तर नाचायचीच बाकी होती. पण जाईबाईच्या अंगणात सगळे जमले तेव्हा विनोद हसला.

"एकच आहे, मीही तेच म्हणतो. आमच्या बाबांनी यांच्या सासूला कलम दिलं होतं. तेच हे झाड."

साहेबांनी अहवाल पुन्हा उलटून पाहिला. यंत्राने सारखेपणा सांगितला होता, आधी कोण ते नव्हतं सांगितलं. तेजलचा चेहरा उतरला.

जाईबाई उठली. बुंध्याशी बसून तिने पालापाचोळा आणि माती बाजूला सारली.

"साहेब, जरा वाका. कलम म्हणजे खाली एकाचा पाय, वर दुसऱ्याचं अंग. सांध्याला गाठ राहते, साल बदलते. शोधा बघू."

साहेब गुडघ्यांवर बसले, सालीवरून बोटं फिरवत मुळापर्यंत गेले. गाठ नव्हती. खालपासून वरपर्यंत साल एकसारखी.

"म्हणजे हे आठळीचं झाड," जाईबाई म्हणाली. "आठळीतून आलेला फणस स्वतःच्या आईसारखासुद्धा होत नाही. मग विनोदच्या कलमाशी याचा ठसा जुळला कसा? ह्याचीच काडी तिकडे गेली म्हणून. काय रे विनोद, चहा तरी आठवतो का?"

विनोद मोबाइल चाळायला लागला.

साहेबांनी कागद काढला. "वाणाचं नाव?"

"गोदा कापा."

"राखणाऱ्याचं?"

"आईंचं लिहा," तेजल म्हणाली.

"माझं लिहा, पण सासूचं वर," जाईबाई म्हणाली. "खाली राहायची सवय नव्हती तिला."