चंद्रावतीबाईंची फुंक

गव्हाणच्या चंद्रावती घरत आगरी लग्नांत धवले गातात. धवला हे विधीचं गाणं. ते गाणारी धवलारीण बसल्याशिवाय हळद पुढे सरकत नाही. साठीच्या चंद्रावतीबाई एक ओळ एका श्वासात गात. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात कर्करोगाची गाठ निघाली, तेव्हा भाचीचं लग्न दहा आठवड्यांवर होतं.

पनवेलच्या रुग्णालयात डॉ. निशा म्हणाल्या, तेवढा भाग रोबोच्या मदतीने काढता येईल.

"मशीन कापनार? मंग तुमी काय करनार?"

"मशीनचे हात मीच हलवणार. छाती उघडायची नाही, बरगड्यांमधून चार-पाच भोकं."

"मना भाचीचे हलदीला धवला गावाचा हाय."

"आधी फुंकायची तपासणी."

बाईंनी नळीत तीनदा फुंकलं. अहवाल आला: फुप्फुस कमजोर, शस्त्रक्रिया झेपणार नाही.

"आये, औषधांवर भागवू. गानं सोड आता," मुलगा केतन म्हणाला.

"तू आदी सिगरेटी सोड."

दुसऱ्या दिवशी त्या लिफ्ट टाळून तीन मजले चढल्या आणि डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या. "कमजोर मानूस तीन जिने असा चरंल?"

डॉक्टरांनी त्यांना पुन्हा फुंकायला लावलं. बाईंनी छाती भरून घेतली आणि हवा बारीक धारेने, सावकाश सोडत राहिल्या.

"अशी का सोडता?"

"सगला वारा पयलेनंच सोरला तं वल पुरंल कशी?"

"इथे ओळ पुरवायची नाही. चुलीत ओली लाकडं आहेत समजा, आणि एका फुंकेत पेटवा."

या खेपेचा आकडा चांगला आला. आठवड्याने शस्त्रक्रिया झाली. तीन तास लागले. चौथ्या दिवशी छातीत घातलेली निचऱ्याची नळी निघाली, पाचव्या दिवशी बाई घरी आल्या.

पण आता श्वास ओळीच्या अर्ध्यातच संपे. डॉक्टरांनी श्वासाचे व्यायाम दिले होते, ते त्या करत. उरलेला वेळ ओटीवर बसून एकेक ओळ तपासत: शब्द न तोडता कुठे थांबता येईल? धवल्यातली जोडीदारीण हौसा म्हणाली, "अर्धी वल मी घेतंय."

"तू तुजी वल घे. माजी मी बगंन."

हळदीला त्या बसल्या. प्रत्येक ओळीत एकदा थांबल्या, दम घेतला, पुढे गेल्या. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. हळद पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी मांडवातला पहिला धवला मात्र दम राखायला त्यांनी हौसाला सुरू करायला सांगितला, आणि दुसऱ्यापासून स्वतः धरला.