पाठमोरे

त्यांचे खरे आडनाव बाजारात फारसे कुणाला ठाऊक नव्हते. जुन्या लाकडी सामानाच्या खरेदी-विक्रीत ज्यांची सारी हयात गेली, त्या गृहस्थांना सगळे 'पाठमोरे' म्हणत, आणि तेही ते नाव एखाद्या बिरुदासारखे मिरवीत. कपाट किंवा मेज विकत घ्यायला गेले आणि समोरच्याने भाव सांगितला, की ते त्या वस्तूकडे क्षणभर करुणेने पाहत, "राहू द्या मग," एवढेच म्हणत आणि पाठ फिरवून चालू लागत. दारापाशी पोचण्याआधीच मागून हाक येई, "अहो, थांबा तरी! तुमचं म्हणणं काय ते तर बोला!" ही विद्या त्यांना कुणा गुरूने दिली नव्हती, पण तिने त्यांना कधी दगा दिला नव्हता. तिच्याच आधारावर त्यांनी भाड्याच्या फळीवरून स्वतःच्या दुकानापर्यंत मजल मारली होती.

त्यांची एकुलती एक लेक त्या दुकानातच वाढली. विक्रीला ठेवलेल्या एखाद्या मेजाशी बसून ती अभ्यास करी. गिऱ्हाईक आले आणि मेज विकले गेले, की वह्या-पुस्तके उचलून निमूटपणे दुसऱ्या मेजाशी जाई. "हिला टेबल मिळतं, पण लाभत नाही," असे तिची आई हसून म्हणे. पदार्थविज्ञान हा त्या मुलीचा ध्यास होता. शाळेच्या अखेरच्या परीक्षेत तिने असे यश मिळवले, की दोन महाविद्यालयांनी तिला प्रवेश देऊ केला. त्यांपैकी एक थोरले, ज्याचे नाव घेताच ऐकणारा सावरून बसे. तिथे प्रवेश होता, पण सवलत कसलीच नव्हती. दुसरे धाकटे, दूरच्या शहरातले, फारसे कुणी न ऐकलेले. त्यांनी गुणवत्तेवर संपूर्ण शिक्षणशुल्क माफ केले होते. वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च तेवढा घरच्यांनी करायचा होता.

घरात खल सुरू झाला. मुलीचे मामा कचेरीत कारकून होते आणि थोरामोठ्यांच्या नावांवर त्यांची अपार श्रद्धा होती.

"भाऊजी, नाव ही जन्माची पुंजी असते. थोरल्या कॉलेजचा शिक्का बसला, की दारं आपोआप उघडतात."

"आणि आमच्या दाराला कुलूप लागतं, त्याचं काय?" आई म्हणाली. "फी कोण भरणार, दादा? तू?"

मामांना एकाएकी चहात साखर कमी असल्याचे जाणवले.

"मला धाकट्यातच जायचंय," मुलगी म्हणाली. "मुलाखतीला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी मला सगळी प्रयोगशाळा दाखवली. दुर्बीण स्वतः लावून बघायला दिली. मला तिथं आवडलं, बाबा."

"वसतिगृहाचं मी शिवणकामातून ओढीन," आई म्हणाली.

पाठमोऱ्यांनी पत्नीकडे पाहिले. सुई ओवताना ती आताशा दोरा डोळ्यांच्या अगदी जवळ नेई, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. मनाशी त्यांनी निश्चय केला, की हा भार तिच्या डोळ्यांवर पडू द्यायचा नाही. वसतिगृहसुद्धा माफ करून घ्यायचे. भाव काय, सांगतात तो कधीच शेवटचा नसतो!

लेकीला घेऊन ते धाकट्या महाविद्यालयात गेले. शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या बाई वयस्क, मृदुभाषी होत्या. पाठमोऱ्यांनी बसण्याआधी सवयीने त्यांच्या मेजावर बोटाने टकटक केले. फुकट मिळणाऱ्या लाकडात आधी कीड शोधावी, हा त्यांचा नेम.

"मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "थोरल्या कॉलेजनंही बोलावलंय. वसतिगृहाचंही तुम्ही बघितलंत, तर आम्ही इथला विचार करू."

"बाबा..." मुलगी पुटपुटली.

"माझ्या हातात शुल्कमाफी आहे," बाई म्हणाल्या. "आणखी काही होईल की नाही, ते मला बघावं लागेल. तुमचा होकार मात्र शुक्रवारपर्यंत हवा. यादीत पुढची मुलंही वाट बघताहेत."

"राहू द्या मग," पाठमोरे म्हणाले आणि उठले. बाहेरच्या लांब ओवरीत ते लेकीच्या कानाशी लागले, "मागे वळून बघायचं नाही. ताठ चाल."

जिना उतरून झाला, फाटक आले. मागून हाक आली नाही.

"फोन करतील बघ," ते गाडीत म्हणाले. "शिकलेली माणसं आहेत, त्यांना जरा वेळ लागतो."

शुक्रवारी सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, मी होकार कळवून टाकते ना!"

"वेडी आहेस का? गरज दिसली की भाव पडलाच. त्यांनाच करू दे फोन."

ती थांबली. बापाची ही विद्या फसलेली तिने जन्मात पाहिली नव्हती. त्यात तिचा काय दोष?

सोमवारी तिने स्वतःच फोन केला, तेव्हा शिष्यवृत्ती यादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती. प्रवेश अजून मिळत होता, पण पूर्ण शुल्क भरून. आता दोन्ही दारे सारखीच महाग झाली होती. पाठमोरे म्हणाले, "दुकान विकतो. थोरल्यात जा." मुलगी म्हणाली, "मग तुम्ही दोघं खाणार काय? मी जाणार नाही." आणि ती जे एकदा बोलली, त्यावरून आईच्या आसवांनीही ढळली नाही.

तेव्हा कुणालाही न सांगता ते एकटेच पुन्हा त्या बाईंकडे गेले. या खेपेस ते मेजापाशी उभेच राहिले.

"चूक माझी आहे, बाई. पोरीची नाही. काही करता येईल का?"

बाईंनी चष्मा काढून मेजावर ठेवला. "यादीतली ती पुढची मुलगी वसतिगृहात राहायलाही आली हो. काल आईला मिठी मारून रडत होती. तिला आता जा म्हणू का?"

"नको," पाठमोरे तत्काळ म्हणाले. "तिला नका म्हणू."

"एक बोलू? तुम्ही गेलात, तेव्हा मला एका निधीची आठवण झाली. वसतिगृहाचं त्यातून जमलं असतं. मी तुमच्यामागे जिन्यापर्यंत आले. पण तुम्ही दोघं इतक्या निश्चयानं चालला होतात, की मला वाटलं, यांचं ठरलंय. उगाच भिडेत कशाला पाडायचं? म्हणून हाक मारली नाही."

पाठमोऱ्यांनी हात जोडले.

घरी ते पोचले, तेव्हा लेक घरापुढच्या दुकानात एका खुर्चीला पॉलिश करीत होती. लपवावे, असे वाटेत त्यांच्या मनात अनेकदा आले होते. पण आयुष्यभर भाव लपवून बोललेल्या त्या माणसाला त्या दिवशी लपवणे साधले नाही. त्यांनी सगळे सांगितले.

तिचा हात थांबला. खाली मान घालूनच ती म्हणाली, "मला ऐकू आलं होतं, बाबा."

"काय?"

"त्यांची पावलं. आपल्यामागे ओवरीत. तुम्ही वळू नको म्हणालात ना."

तिच्या स्वरात राग असता, तर तो त्यांनी पदरात घेतला असता. पण राग नव्हता. तिने फडके पुन्हा डबीत बुडवले आणि खुर्चीचा राहिलेला पाय पुसायला घेतला. पाठमोरे तिच्याजवळ जमिनीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनीही दुसरे फडके उचलले. आतून आईने जेवायला हाक मारली, पण दोघांपैकी कुणीच उठले नाही.

पुढच्या आठवड्यात मुलीने गावातल्याच संध्याकाळच्या महाविद्यालयात नाव घातले. तिथे पदार्थविज्ञान शिकवत नसत. तिने हिशेबशास्त्र घेतले.