राहता पत्ता

रोज सकाळी चहाआधी आत्या राउटरला हात लावून बघायची. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तशी. मग हळूच विचारायची, "आहे ना सगळं ठीक?" हिरवा दिवा लुकलुकायचा. तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं.

उभी हयात तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. लाइनीवर काहीच ऐकू येत नसलं, तरी पलीकडे कोणी नाही की कोणीतरी गप्प बसून ऐकतंय, हे तिला कळायचं. तिचे यजमान, म्हणजे काका, गेल्यावर ती घरातही तशीच, मान किंचित कलती करून बसायची.

ताई, तिची मुलगी, नव्या नोकरीचा कोरा लॅपटॉप घेऊन राहायला आली तेव्हा मीही तिथेच होते. घरून काम, आणि नोकरी अजून कच्ची. पण लॅपटॉप जोडला की राउटर मान टाकायचा. सगळे दिवे विझायचे, घर मुकं व्हायचं. मी माझा नवा लॅपटॉप लावून पाहिला; तेच. जुने फोन मात्र बिनबोभाट चालायचे.

"पुन्हा मीटिंगमधून गायब झाले ना, तर साहेब मला घरी बसवतील," ताई म्हणाली.

"घरीच तर बसलीयेस."

ती हसली नाही.

नेटवाला भर दुपारी आला. त्याने पिशवीतून तसलाच दुसरा राउटर काढून लावला. त्यानेही मान टाकली.

"काकू, तुमच्या घराला पाहुणे आवडत नाहीत वाटतं," तो आत्याला म्हणाला. मग ताईचा फोन मागून घेतला आणि बराच वेळ त्यात बघत राहिला. "नवा लॅपटॉप आला की राउटर त्याला नेटवरचा पहिला रिकामा पत्ता देतो, घर नंबर असतो ना, तसा. पण तो रिकामा नाहीये. तिथे आधीच कोणीतरी राहतंय."

"कोण?"

"तेच कळत नाही. फोनवरून त्या पत्त्याला हाक मारली की ओ मात्र देतंय."

आम्ही टीव्ही बंद केला, प्रिंटरची वायर काढली, बाकीचे फोन बंद केले. पंख्याचा आवाज तेवढा उरला. नेटवाल्याने पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ आली.

"एखादा जुना लॅपटॉप आहे घरात?"

"बाबांचा होता," ताई म्हणाली. "आईने केव्हाच देऊन टाकला."

"जे काय असेल ते शोधा. बंद केलं की काम झालं."

आत्याने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. "हो सर. नाही सर, आजच होईल. प्लीज सर..." तिचा आवाज चिरकला. आत्याने डोळे मिटले, मग ती उठली, आणि आतल्या खोलीत काकांच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिली.

कपाटाचं दार कोमट होतं. आतले शर्ट आत्ताच कोणी अंगातून काढून ठेवल्यासारखे उबदार. त्यांच्या मागे, अर्धवट उघडा, लॅपटॉप श्वास घेत होता. पांढऱ्या पानावर तीन शब्द होते: आज दुपारी मी. त्यांच्यापुढे ती उभी रेघ लुकलुकत होती, कोणी पुढे लिहील याची वाट पाहत.

"पाणी पिऊन येतो म्हणाले, ते गेलेच," आत्या म्हणाली. "हा बंद झाला की पासवर्ड मागणार. तो त्यांनाच ठाऊक."

ताईने आईच्या मुठीतला पदर तेवढा सोडवला.

नेटवाला दारातूनच म्हणाला, "राहू द्या, काकू. बंद नका करू. काकांचा पत्ता काकांच्याच नावावर ठेवतो. नव्यांना पुढची घरं देऊ."

त्यानंतर राउटर कधी बंद पडला नाही. ताईची नोकरी पक्की झाली. कपाटाला मात्र आम्ही कोणी उगाच हात लावत नसू.

पुढे आत्याला दवाखान्यात न्यायची वेळ आली. तिथे ती बोलली ते सगळं गुंगीतलं. त्याआधी, चपला घालून उंबऱ्यात उभी असताना, ती मागे वळली आणि मान कलती करून क्षणभर आतल्या खोलीकडे ऐकत राहिली. मग मला म्हणाली, "कपाटाचं दार जरा किलकिलं ठेव गं. आत उकडतं त्यांना."