दोन्ही नळ्यांतलं तेल

उमरखेडच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या जुन्या मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपमध्ये तो औषधाच्या बाटलीने मोजून, दोन्ही नळ्यांत सारखं तेल भरायचा; कमी-जास्त झालं तर खड्ड्यात गाडी डगमगते. त्या साली लोकांचा कापूस न विकता घरात पडून होता, त्यामुळे त्याच्याकडे गिऱ्हाईक तुरळक. त्यात खड्ड्यात चाक उसळून मी पडलो आणि गावभर त्यालाच दोष दिला.

तो चौकात पाना घेऊन आडवा आला. “गुरुजी, इथंच खोलतो. तेल मोजू. कमी-जास्त निघालं तर आजपासून पाना धरत नाही. भेता कायले?”

मी गाडी ढकलत घरी नेली. त्याचं गिऱ्हाईक तुटलं, तरी मी दिसलो की तो पाना उंच धरायचा.

गाडी मऊ वाटते म्हणून पडायच्या आधी उजव्या नळीत जास्तीचं तेल मीच ओतलं होतं. डाव्या नळीचं बूच मला उघडता आलं नव्हतं.